‘पित्त’ म्हणून सोसलेला जठरदाह



पोटात जळजळले की ‘पित्त झाले’ म्हणून आपण दुकानातून गोळी आणतो. तिने आम्ल घटते, बरे वाटते; जठराच्या अस्तराचा दाह मात्र वर्षानुवर्षे राहू शकतो. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अस्तरास इजा होतेच. पण जुनाट दाहाचे प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होय. जठराच्या आम्लात जंतू तगेल, हे पूर्वी वैद्यकास पटत नसे. ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्राशन केला आणि दहाव्या दिवशी दुर्बिणीतून त्यांच्या जठराचा दाह दिसला! त्यांना व डॉ. रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

या जंतूमुळे काहींना व्रण, तर थोड्यांना कर्करोगही होतो. उपचार बहुधा १४ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून तो सोडल्यास उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. आणखी एक सांगतो : आम्ल घटविणाऱ्या गोळ्या चालू असताना जंतूची तपासणी केल्यास तो असूनही कधी कधी सापडत नाही. म्हणून दुकानातून घेतलेली गोळीही डॉक्टरांना अवश्य सांगावी. शौचास काळे होणे, रक्ताची उलटी, वजन घटणे यांपैकी काही आढळल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, ही आमची विनंती.