गीझर बंद पडतो तेव्हा



यंत्रांविषयीच्या व्याख्यानात गीझरसारखी घरगुती वस्तू कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे उत्तर असे की, वीज, पाणी आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकाच बंद भांड्यात एकत्र याव्यात, आणि तेही माणूस ओल्या अंगाने ओल्या फरशीवर उभा असतो त्या खोलीत, असे दुसरे उपकरण आपल्या घरात नाही. महाराष्ट्रातील घरांत पूर्वी तांब्याचा बंब असे. त्यातला जाळ विझला की डोळ्यांना दिसे, आणि झाकण सैल असल्यामुळे वाफ कोंडत नसे. गीझर भिंतीवर मुकाट्याने टांगलेला असतो. तो का थांबला, हे आपणच शोधून काढावयाचे असते.

प्रारंभ पाण्यापासून करावा. गरम पाण्याचा नळ सोडला आणि पाणीच आले नाही, तर दोष बहुधा गीझरचा नसतो. भांड्यात तळाशी थंड पाणी शिरते आणि ते वरचे गरम पाणी बाहेर ढकलते. छतावरील टाकी रिकामी असेल, तर भांडे भरलेले असूनही नळ कोरडा राहतो. अशा वेळी वीज मात्र तत्काळ बंद करावी. कारण भांड्यातील पाणी टाकीकडे उलट ओढले गेले असेल, तर एलिमेंट कोरडे तापून जळून जाते.

पाणी येते, पण उशिरा तापते, अशीही तक्रार पुष्कळ ऐकू येते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सियसपर्यंत नेण्यास २ किलोवॅटच्या एलिमेंटला सुमारे २१ मिनिटे लागतात. हा हिशेब २३० व्होल्ट दाबाचा आहे. हिवाळ्याच्या सकाळी मोहल्ल्यातील सगळेच गीझर एकदम चालू होतात आणि दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे त्याच कामाला आता ३४ मिनिटे लागतील. येथे गीझर उघडून काहीही साधणार नाही. अर्धा तास आधी उठणे एवढाच उपाय.

पाणी थंडच राहत असेल, तर दिव्याकडे पाहावे. हा छोटा दिवा बहुधा थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. तो जळत असूनही पाणी तापत नसेल, तर एलिमेंटमधील तार तुटली आहे असे समजावे. कठीण पाण्याच्या प्रदेशांत हे वारंवार घडते. पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार एलिमेंटवर थराथराने बसतात, आतली उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि तार स्वतःच्याच तापाने वितळते. कधी कधी तार शाबूत राहते, पण बाहेरच्या नळीला चीर पडून पाणी आत शिरते. मग गीझर लावताक्षणी वायरमन ज्याला आरसीसीबी म्हणतात तो मुख्य फलकावरील स्विच खाली पडतो. तो पुनःपुन्हा वर करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. एकाने तर तो काढूनच टाकला होता! ज्या विजेने त्यांच्या अंगातून जमिनीत जायचे, तिला तो स्विच अडवीत होता.

आता दिवाच जळत नाही, पण खोलीत वीज आहे, असे समजा. मग दोष वायरीत, थर्मोस्टॅटमध्ये किंवा कटआउटमध्ये असतो. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला प्रवाह तोडतो आणि पाणी निवले की पुन्हा जोडतो. कटआउट हा त्याच्या मागे उभा असलेला पहारेकरी होय. थर्मोस्टॅट चुकला आणि पाणी उकळण्याच्या बेतात आले, तरच तो प्रवाह तोडतो, आणि आपणहून पुन्हा जोडीत नाही. म्हणून कटआउट तुटलेला आढळला, की तो का तुटला हे आधी विचारावे.

हे मी विचारले नव्हते. १९९४ च्या डिसेंबरात मी नव्याने अभियंता झालो होतो आणि डेहराडूनला आईवडिलांकडे गेलो होतो. गीझर बंद होता. कटआउट तुटलेला मला पाच मिनिटांत सापडला. दुकानात तो सुटा मिळेना, तेव्हा मी त्याला वगळून दोन तारा सरळ जोडल्या. पाणी तापले. आईने शेजारणीला कौतुकाने सांगितले. मीही सुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

त्या संध्याकाळी पाहुणे आले आणि गीझर चालूच राहिला. थर्मोस्टॅटची दोन टोके ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटली होती. प्रवाह तोडण्याची शक्ती त्याच्यात उरली नव्हती. कटआउट याच कारणाने तुटला होता, आणि तो तर मी काढून टाकला होता. वडिलांनी हात धुण्यासाठी नळ सोडला, तेव्हा उकळते पाणी आणि वाफ फसफसत बाहेर आली. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. टाकीकडे जाणाऱ्या नळीत पाणी परत जाऊ न देणारी झडप नव्हती, म्हणून वाढलेला दाब टाकीकडे निघून गेला. तशी झडप असती आणि दाब सोडणारी झडप क्षारांनी बुजली असती, तर भांडेच फुटले असते. पाण्याची वाफ झाली की ती साधारण हवेच्या दाबाला सुमारे १६०० पट जागा मागते.

वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मलमपट्टी झाल्यावर त्यांनी इतकेच विचारले, “ती तार तू का जोडली होतीस?” उत्तर द्यावयास माझ्याजवळ “पाणी तापावे म्हणून” याखेरीज काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही नवे आणले. त्यासाठी दोन बाजार फिरावे लागले. जुना थर्मोस्टॅट मी टाकला नाही. तो येथे मेजावर ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे. भिंग सोबत आणले आहे. ती दोन टोके अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत.