यंत्र आज्ञाधारक, विवेक माणसाचा



संगणक हा आज्ञाधारक सेवक आहे. सत्यासत्याचा विवेक त्याच्यापाशी नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९९८ साली मंगळाकडे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान धाडले. यानाच्या इंजिनांच्या रेट्याचे आकडे एका संगणकप्रणालीने पौंडांच्या मापात पुरविले. मार्गाचे गणित करताना ते न्यूटनच्या मापातले मानले गेले. सुमारे साडेचार पटींचा फरक पडला. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि त्याचा संपर्क कायमचा तुटला. गणिताची रीत चुकली नव्हती. आधारच चुकीचा होता.

वस्तीच्या सर्वेक्षणातही हेच घडते. दारी न जाता अंदाजाने भरलेला एक रकाना गरजू कुटुंबाला यादीतून वगळतो, आणि संगणकाने छापलेल्या यादीवर कोणी शंका घेत नाही. म्हणून कार्यकर्त्याने आधी घराचा उंबरठा गाठावा, मगच संगणक उघडावा.