आज्ञावलीबरोबर चिन्हांची शिदोरी
(एका चर्चासत्रातील भाषणाचा संक्षेप)



पडद्यावरील बटणावर फ्लॉपीचे चित्र दिसले की ‘जतन करा’ हा अर्थ आपण न वाचताच ओळखतो. हे चित्र आज्ञावलीच्या पोटातच असते, अशी आपली समजूत. लिनक्सवर पुष्कळदा तसे नसते. १९९६ साली सुरू झालेला केडीई आणि १९९७ सालचा ग्नोम या प्रकल्पांच्या परंपरेतील आज्ञावली केवळ ‘डॉक्युमेंट-सेव्ह’ असे नाव पुकारते. मग सामाईक कोठारातील निवडलेल्या चिन्हसंचात त्या नावाचे चित्र शोधले जाते. तेथे नसल्यास त्याच्या मूळ संचात, आणि अखेरीस ‘हायकलर’ या राखीव संचात. व्यवस्था मोठी सोयीची आहे. संच बदलला की साऱ्या आज्ञावलींचे रूप एकदम पालटते.

केडीईचा ‘केट’ हा मजकूर-संपादक विंडोजवर नेला की अडचण उभी राहते. तेथे हे कोठारच नाही. नाव पुकारले जाते, उत्तर येत नाही, बटणे कोरी राहतात. आतील काम बिनचूक चालू असते. पण कोऱ्या बटणांकडे पाहून वापरणारा ती आज्ञावली मोडकी ठरवतो, आणि त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून चिन्हे सोबत न्यावी लागतात. लागतील तेवढीच वेचावीत, हा मोह स्वाभाविक आहे. परंतु आज्ञावली ज्या सामाईक घटकांवर उभी असते, तेही आपापली नावे पुकारतात. ती यादी कधी पुरी होत नाही. माझ्या मते ‘ब्रीझ’सारखा संपूर्ण संच द्यावा. त्यातही एक मेख आहे. या संचात एकाच चित्राला अनेक नावे असून, जादा नावे म्हणजे मूळ चित्राकडे बोट दाखवणारे दुवे होत. विंडोजवर संचाची मूळ प्रत उतरवताना अशा दुव्यांच्या जागी पुष्कळदा नुसती पत्ता लिहिलेली मजकूर-फाईल उरते. बांधणीच्या वेळी हे दुवे सोडवून घ्यावेच लागतात. गडद पार्श्वभूमीवर काळी रेषाचित्रे बुडून जातात, तेव्हा रंग पालटण्याची सोयही बरोबर हवी.

२०२४ मध्ये केडीईने ब्रीझची चिन्हे थेट जोडता येतील अशा घटकाच्या रूपात दिली. त्यामुळे हे काम बरेच हलके झाले. परवान्याची प्रत मात्र संचाबरोबर ठेवावी. शिवाय तपासणी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या यंत्रावर करू नये. तेथे संच बहुधा आधीच बसवलेला असतो. ती कोऱ्या यंत्रावर करावी.