नादाचे तीन गुण आणि त्यांची नावे



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, ते नेमक्या शब्दाविषयी अत्यंत आग्रही होते. म्हणून संगीताविषयी बोलताना आपण सर्रास वापरतो त्या पिच, टोन, नोट, स्केल या इंग्रजी शब्दांचा विचार आज करावा असे मी योजिले. मी भाषेचा अध्यापक आणि संगीताचा केवळ श्रोता. परंतु हा घोटाळा मुख्यतः भाषेचाच आहे. शिवाय ज्या बडोद्यात १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे हा विषय परका ठरू नये.

आपल्या संगीतग्रंथांत नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. हे तिन्ही एका तंबोऱ्यावर वेगळे दाखविता येतात. खुंटी पिळली की तार चढते वा उतरते; ही उच्चनीचता. तीच तार जोराने छेडली तर नाद मोठा होतो, पण स्वर तोच राहतो, हा लहानमोठेपणा. घोडीवरील जवारीचा दोरा किंचित सरकविला की स्वर तोच, पण नाद भरदार वा बोथट होतो; ही जाती.

इंग्रजीत उच्चनीचतेला पिच म्हणतात. ती कंपनांच्या संख्येवर ठरते. पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या ‘ए’ स्वराला वाद्ये मिळवितो, त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण संख्या सेकंदाला ४४० आहे. ती दुप्पट, म्हणजे ८८० केली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. लहानमोठेपणा म्हणजे लाउडनेस. आणि जाती म्हणजे टँबर. लाकडाचा वाचक जो टिंबर शब्द, त्याच्याशी याच्या स्पेलिंगचे इतके साम्य आहे की अनेक जण दोन्ही सारखेच उच्चारतात. जर्मन भाषेत या गुणाला ‘नादाचा रंग’ अशा अर्थाचा शब्द आहे. मूळ नादासोबत उमटणाऱ्या उपनादांच्या कमीअधिक प्रमाणामुळे हा रंग येतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या ग्रंथात विशद केले.

खरा गोंधळ टोन या शब्दाचा. सतारीचा टोन गोड आहे, असे म्हणताना आपल्याला जाती अभिप्रेत असते. शुद्ध गंधार व मध्यम यांत अर्धा टोन आहे, असे म्हणताना तोच शब्द दोन स्वरांमधील अंतर दाखवितो. अमेरिकेत तर नुसत्या स्वरालाही टोन म्हणतात. इंग्लंडात त्यासाठी नोट हा शब्द रूढ आहे, जो मुळात कागदावरील खुणेचा होता.

स्केलचा घोटाळा मात्र आपलाच. “माझे स्केल काळी एक” असे गायक सांगतो, तेव्हा त्याला पट्टी म्हणावयाचे असते. स्केल म्हणजे क्रमाने मांडलेले स्वर. आपल्या थाटाच्या जवळची कल्पना. बिलावलाचे स्वर काळी एकवरून गा वा पांढरी पाचवरून. पट्टी बदलते, स्केल बदलत नाही.

आता कोणी म्हणेल, हा शब्दच्छल कशासाठी? उत्तर आपल्या वर्गांतच आहे. “आवाज चढव” या आपल्या मराठी शब्दप्रयोगाचेही दोन अर्थ होतात. गुरुजींना वरचा स्वर हवा असतो आणि मूल ओरडू लागते. याहून गंभीर गोष्ट अशी की, एखाद्या मुलाचा आवाज घोगरा असतो, पण सूर अचूक लागतो. त्याला “तुला गाता येत नाही” असे सांगून प्रार्थनेच्या रांगेत मागे उभे करतात. येथे जातीचा दोष उच्चनीचतेच्या माथी मारला जातो आणि ते मूल पुढे आयुष्यभर गात नाही. “तुझा सूर बरोबर आहे, आवाज अजून तयार व्हावयाचा आहे” एवढे नेमके वाक्य त्याचे गाणे वाचवू शकते.

इंग्रजी शब्द टाळावेत, असा माझा आग्रह नाही. ते वापरताना अर्थ पारखावा. आणि पट्टी, सूर, जाती, जवारी हे शब्द हाताशी असताना त्यांना अडगळीत टाकू नये. परराज्यात मराठी शाळा चालविणाऱ्यांना शब्द जपण्याचे मोल मी वेगळे सांगण्याची गरज नाही.