घरची नोकरी, कोटातले महाविद्यालय आणि मधली लोकल
(परळ येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या तरुणांपुढे एक नवी वाट खुली झाली आहे. संगणकाची विद्या संपादन करावी आणि बंगळूरच्या किंवा थेट अमेरिकेच्या कंपनीचे काम घरी बसून करावे. या वाटेचे मी स्वागत करतो. परंतु घरून नोकरी मिळाली म्हणजे प्रवासाचा जाच संपला, असा जो समज पालकांत पसरला आहे, त्याला मात्र माझी हरकत आहे. नोकरी घरी आली तरी शिक्षण घरी आलेले नाही.

जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि आपली कित्येक कुटुंबे कल्याण, अंबरनाथ, नालासोपाऱ्याकडे पांगली. महाविद्यालये मात्र कोटात आणि दादर-माटुंग्यासच राहिली. कल्याणपासून बोरीबंदर सुमारे 54 किलोमीटर आहे. जलद गाडीलाही तासाहून अधिक वेळ लागतो. घरापासून वर्गापर्यंतचा हिशेब तर निराळाच.

आता अमेरिकेचे घड्याळ पाहा. न्यूयॉर्कची कचेरी सकाळी 9 वाजता उघडते, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. आठ तासांचे काम आटोपते तेव्हा रात्रीचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात. ज्याचा वर्ग सकाळी 7 वाजता भरतो, त्याने पाचच्या सुमारास घर सोडले पाहिजे. मग तो झोपणार केव्हा? माझे मत स्पष्ट आहे. पदवी हाती येईपर्यंत पूर्ण वेळेची अमेरिकन पाळी पत्करू नये. अर्ध्या वेळेचे काम घ्यावे, अथवा इथल्या घड्याळाने चालणाऱ्या कंपनीत कमी पगारावर राहावे. आज ज्या यंत्रविद्येला भाव आहे, तिला पाच वर्षांनी तो राहीलच असे नाही. पदवीला मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

नोकरी करणाऱ्याने शिकावे कसे, हा प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी हाती घेतला होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 च्या जूनमध्ये सुरू झाले, ते नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग घेऊनच. सकाळच्या वर्गाचा आणखी एक लाभ आहे. असा विद्यार्थी गर्दीच्या आधी येतो आणि गर्दीच्या उलट दिशेने परततो. परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळते आणि तो तास वाचनाच्या कामी येतो. संध्याकाळी दादरला ज्याला डब्यात पाय ठेवायला मिळत नाही, त्याला ‘प्रवासात अभ्यास कर’ असा उपदेश करणे ही थट्टाच होय.

आता घराकडे वळू. दहा बाय बाराच्या खोलीत कचेरीही आहे, स्वयंपाकही आहे आणि दूरदर्शन संचही आहे. बाबासाहेब विद्यार्थी असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एकाच खोलीत राहत होते. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, नंतर मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि त्याच्या जागी आपण निजत. जागा एकच होती, ती त्यांनी वेळेने वाटून घेतली. आपणही ती वाटून घेऊ शकतो. विशेषतः मुलींच्या बाबतीत मी आई-वडिलांना विनवितो. मुलगी घरी आहे म्हणजे ती रिकामी आहे, असे समजू नका. ती संगणकापुढे बसली असता तिला कुकर लावायला उठविणे म्हणजे कचेरीतून तिला हाक मारून बोलावून आणणेच होय. भाऊ बसलेला असतो तेव्हा त्याला कोणी उठवीत नाही!

वकील या नात्याने एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. करारपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात आपणांस ‘कर्मचारी’ म्हटले आहे की ‘स्वतंत्र कंत्राटदार’, हे पाहा. कंत्राटदार म्हटले की भविष्यनिर्वाह निधी नाही आणि भरपगारी रजाही नाही. तथापि केवळ नाव दिल्याने नाते ठरत नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे कामगार ठरविले. त्यांतील काही जण कापड घरी नेऊनही शिवीत. यंत्रे दुकानाची होती आणि शिवण पसंत न पडल्यास ती उसवून पुन्हा करून घेण्याचा अधिकारही मालकाचाच होता, हे न्यायालयाने पाहिले. घरी बसून केलेले काम नोकरीचे असू शकते, हे त्यावरून आपल्या ध्यानात येईल. कंपनी परदेशी असली आणि तिची इथे कचेरी नसली, तर हक्क असूनही तो बजावणे अवघड जाते. म्हणून हिंदुस्थानात नोंदलेल्या कंपनीला प्रथम पसंती द्यावी.

आणि करारपत्राची प्रत, पगाराच्या पावत्या, कामाच्या वेळेसंबंधी वरिष्ठांनी पाठविलेले लेखी निरोप यांच्या प्रती जमतील तशा स्वतःजवळ ठेवीत जा. त्या केवळ कंपनीच्या संगणकात ठेवू नका. नोकरी सुटते त्याच दिवशी तो संगणक आपल्यासाठी बंद होतो, आणि मग आमच्याकडे अशील येतो तो रिकाम्या हाताने.