गेटजवळचा नळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून दहा-बारा जणांनी विचारलं, पुण्यात कुठं राहतेस? वाघोली म्हटलं की निम्मे जण म्हणतात, "म्हणजे पुण्याच्या बाहेरच की!" चूक नाही. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात आमचं एक. तोवर आमची ग्रामपंचायतच होती.

पण वाघोली हे नाव आपण फार आधी ऐकलेलं आहे. आपण नववीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. पुढचं या सभागृहात कुणाला सांगायला नको. त्यानंतर भूकंपग्रस्त गावांतली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेली. त्यांची शाळा आणि वसतिगृह पुढं वाघोलीत उभं राहिलं. मी इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा वाघोली म्हणजे माझ्या मनात एवढंच होतं: आपल्याकडची पोरं जिथं राहतात ते गाव.

२०१२ साली आम्ही तिथं फ्लॅट घेऊन राहायला गेलो. कारण साधं होतं. ऑफिस खराडीला आणि खराडीतली किंमत परवडेना. खिडकीतून एका बाजूला ज्वारीचं रान, दुसऱ्या बाजूला नवे सांगाडे आणि लांब दगडखाणी. पुण्यातल्या कितीतरी इमारतींची खडी तिथूनच गेलेली. पहिल्याच महिन्यात एका दुपारी खाणीत सुरुंग उडाला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि मी तान्ह्या मुलीला उचलून चार मजले धावत खाली. अनवाणी. खाली कुणीच नव्हतं. वॉचमनकाका तेवढे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "ताई, लातूरच्या का?" ते निलंग्याकडचे. आमची ओळख अशी झाली.

आता पाण्याचं. १४० फ्लॅट, बोअर जानेवारीतच दम सोडायचा, मग सगळं टँकरवर. फ्लॅट घेताना आम्हाला "लवकरच लाईन येतेय" असं सांगितलं होतं. हे वाक्य नव्या वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं, त्यामुळं त्यावर वेळ घालवत नाही.

एप्रिल २०१६. रोज दहा हजार लिटरचे आठ टँकर येत होते आणि मेंटेनन्स दुप्पट झाला होता. कमिटीनं माझ्यावर हिशोब सोपवला, कारण मी 'कॉम्प्युटरवाली'. प्रत्येक फ्लॅटला बिल्डरनं बसवलेलं आणि कुणीच न वाचलेलं मीटर होतं. मी आणि नवरा आठवडाभर जिन्यानं फिरलो, सगळे मीटर वाचले, शीट बनवली. रोज येतं ऐंशी हजार लिटर, घरांत जातं चौऱ्याहत्तर हजार. सहा हजार लिटर गायब. मी त्या रकान्यात लिहिलं: 'गेटजवळचा नळ'.

तो नळ वॉचमनचं कुटुंब, कामाला येणाऱ्या बायका आणि शेजारच्या साईटवरची दहा-बारा कुटुंबं वापरायची. सकाळी तिथं घागरींची रांग असायची, ती सगळ्यांना दिसायची. माझी शीट पडद्यावर दाखवली आणि पाच मिनिटांत ठराव झाला. नळाची चावी काढून घेतली. मीही हात वर केला होता.

त्याच आठवड्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरले, लोकांनी हात जोडले. कुणी मला म्हणालं, "तुमच्या लोकांचे काय हाल हो!" मी रात्री आईला फोन केला. तिनं टाकीला कुलूप घातलं होतं. गल्लीत सगळ्यांनीच घातलं होतं. मी तिला नळाचं सांगितलं तर ती म्हणाली, "बरंच केलंस. पाण्याला कुणी कुणाचं नसतं." मला वाटलं होतं ती रागावेल. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मीटर वाचले. नळ बंद असूनही पाच हजार लिटर गायबच.

गणिताचे सर इथं समोर बसलेत. सर, तुम्ही वही परत देताना एकच विचारायचा, "ताळा केलास का?" वीस वर्षं मी प्रोग्राम तपासून घेते, दुसऱ्यांच्या चुका काढते. इथं वजाबाकी केली आणि ताळा न करताच उत्तराला नाव देऊन मोकळी झाले. बादली आणि घड्याळ घेऊन नळापाशी पाच मिनिटं उभी राहिले असते तरी कळलं असतं, की तिथून दिवसाला हजार लिटरच्या वर जाणं शक्यच नव्हतं.

गळती सापडली ती वॉचमनकाकांमुळं. सी विंगच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता. रात्री तीनला पंप चालू झाला की टाकी भरून पाणी पावसाळी पाइपातून थेट गटारात जायचं. त्यांनी हे महिनाभर आधी सुपरवायझरला सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्ही मीटर वाचत होता की ताई." टोमणा होता की साधं उत्तर, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांची बायको तेव्हा अर्धा किलोमीटरवरून पाणी आणत होती.

बॉलकॉक साडेतीनशे रुपयांत बदलला. नळ पुन्हा सुरू करायला मात्र तीन सभा लागल्या. आकडे दाखवले तरी लोक म्हणायचे, "पण सवय लागते." शेवटी सकाळी सात ते नऊ असं ठरलं. त्या सभेत मी चूक माझी होती असं उभं राहून सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहायला लावलं. सेक्रेटरींना ते फार विचित्र वाटलं. काकूंपाशी जाऊन मात्र मी काही बोलले नाही. तेवढं धाडस झालं नाही.

काका २०१९ला गावी परत गेले. साईटवरची कुटुंबं पुढच्या साईटवर गेली, ज्वारीच्या रानात आता बावीस मजले आहेत. नळ आहे. हल्ली त्यावर डिलिव्हरीची पोरं बाटल्या भरतात आणि स्कूल व्हॅनचे चालक तोंड धुतात. एक सभासद दरवर्षी तो बंद करायचा विषय मांडतात. सप्टेंबरात आमची सर्वसाधारण सभा आहे, विषयपत्रिका कालच आली. नळ पाचव्या क्रमांकावर आहे.