पहिली मोटार घेतांना



घर आणि लग्न यांच्या खालोखाल मध्यम स्थितींतील कुटुंबाला जो मोठा खर्च करावा लागतो, तो पहिल्या मोटारीचा. घर घेतांना आपण चार ठिकाणीं हिंडतों, वकिलाला विचारतों, कागद वाचून घेतों. लग्नाच्या बाबतींत तर याहूनहि अधिक चौकशी करतों. मोटार मात्र पुष्कळदां एखाद्या रविवारीं, शोरूमच्या थंड हवेंत, रंग पाहून ठरते. अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे राहणाऱ्या कुटुंबानें हा निर्णय कोणत्या क्रमानें करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

एके काळीं या बाबतींत निवडीला फारसा वावच नव्हता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना आपल्याच उपनगरांत, कुर्ल्यास, उभा राहिला. तेथें तयार होणारी फियाट पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर ओळखली जाऊं लागली. त्या काळीं नांव नोंदवावयाचें, अनामत भरावयाची आणि वर्षानुवर्षें पाळीची वाट पाहावयाची, असा प्रघात होता. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, १९९० नंतर परदेशी कंपन्या आल्या, आणि ती पाळी संपली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर पद्मिनीची टॅक्सीहि मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आज पैसे टाकतांच मोटार दारांत उभी राहते. म्हणूनच विचार आधीं करावा लागतो.

पहिला प्रश्न गरजेचा. रोज चर्चगेटला किंवा फोर्टांत जाणाऱ्याला लोकलइतकें जलद वाहन दुसरें नाहीं. घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली, आणि दहिसर-अंधेरीच्या दोन्ही मार्गिका २०२२ व २०२३ सालीं खुल्या झाल्या. तेव्हां केवळ कचेरीसाठीं मोटार घेणाऱ्यानें दोनदां विचार करावा. परंतु घरांत वृद्ध आईवडील आहेत, रात्रीबेरात्रीं इस्पितळ गाठावें लागतें, गांवीं वरचेवर जाणें होतें, अशा घरची गोष्ट निराळी. माझी सूचना अशी कीं, एक महिनाभर वहींत टिपून ठेवावें: मोटार हवी होती असें किती वेळां वाटलें, आणि रिक्षा-टॅक्सीला किती पैसे गेले. महिनाअखेर ती वही घरांतील सर्वांनीं एकत्र बसून वाचावी. पुष्कळ वाद तेथेंच मिटतात.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि उपनगरांत तो किंमतीच्याहि आधींचा आहे. इमारतीच्या खांबांमधील जागा बिल्डरला निराळी विकतां येते काय, हा वाद दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१० रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशी खांबांखालची व उघडी जागा सर्वांची सामाईक असून बिल्डरला ती स्वतंत्रपणें विकतां येत नाहीं. पुढें आलेल्या रेरा कायद्याखालील नव्या इमारतींत करारांत काय लिहिलें आहे, तें निराळें पाहावें लागतें. तात्पर्य हें कीं, शोरूमला जाण्यापूर्वीं संस्थेच्या चिटणीसांकडे जावें आणि जागा मिळणार कीं नाहीं, हें लेखी घ्यावें. नंतर टेप घेऊन ती जागा मोजावी. दोन खांबांमध्यें मोटार शिरली तरी दार उघडून माणूस बाहेर येऊं शकेल काय, हेंहि पाहावें. जागेचा दाखला असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी करूं नये, असा विचार २०२५ सालीं राज्याच्या परिवहन खात्याकडूनहि बोलून दाखविला गेला. कायदा कांहींहि होवो, रस्त्याच्या कडेला रात्र काढणारी मोटार मालकाची झोप घेऊन जाते.

तिसरा प्रश्न पैशाचा. जाहिरातींतील किंमत ही अपुरी किंमत असते. महाराष्ट्रांत खासगी पेट्रोल मोटारीवर, दहा लाखांच्या आंतील किंमतीस, ११ टक्के व डिझेलवर १३ टक्के एकरकमी कर पडतो. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीस ८८ हजार रुपये. त्यावर विमा. तिऱ्हाइताच्या हानीचा विमा नव्या मोटारीस २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. मात्र विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा असें बंधन नाहीं, हें लक्षांत ठेवावें. प्रत्येक बाब निराळी लिहिलेला हिशेब मागून घ्यावा. कर्जाचें गणितहि स्वतः मांडून पाहावें. सहा लाखांचें कर्ज ९ टक्क्यांनीं पांच वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारें १२,४५५ रुपये येतो व व्याज सुमारें १ लाख ४७ हजार जातें. तेंच सात वर्षांवर नेल्यास हप्ता ९,६५० च्या आसपास उतरतो खरा, परंतु व्याज २ लाख ११ हजारांवर जातें. हप्ता लहान दिसला म्हणून मोटार स्वस्त होत नाहीं.

आतां निवड. उपनगरांतील गर्दींत लांबलचक मोटारीपेक्षां आटोपशीर मोटार बरी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपर्यंत लांबीच्या लहान इंजिनाच्या मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के वस्तु व सेवा कर आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा स्वामी विवेकानंद मार्गावर ज्याला तासभर क्लच दाबीत बसावयाचें आहे, त्यानें स्वयंचलित गिअरचा विचार अवश्य करावा. अपघातांतील सुरक्षिततेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. पसंत मोटारीस किती तारे मिळाले, तें विचारावें. चालवून पाहतांना मोकळा रस्ता निवडूं नये. आपल्याच गल्लींत न्यावी, चढावर थांबवून पुन्हां हलवावी, आणि घरांतील आजींना मागच्या बाकावर बसवून उतरण्यास सांगावें. गुडघ्यांचा अभिप्राय माहितीपत्रकांत छापलेला नसतो.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष वेधतों, ती म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशीं मोटारींत अडकून कांहीं जण प्राणांस मुकले. अंधेरीचा भुयारी मार्ग तर पावसाळ्यांत वारंवार बंद ठेवावा लागतो. इंजिन हवा ओढतें. हवेबरोबर पाणी आंत शिरलें तर तें हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडे वांकतात. म्हणून पाण्यांत बंद पडलेली मोटार पुन्हां सुरू करूं नये. ढकलून बाहेर काढावी. साध्या विम्यांत ही हानि बहुधा भरून मिळत नाहीं. त्यासाठीं इंजिन-संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. पाणी चढूं लागलें तर मोटारीचा मोह सोडून वेळीच बाहेर पडावें.

जुनी मोटार घेणें कमीपणाचें नाहीं; शिकाऊ हातासाठीं तें शहाणपणाचेंच ठरतें. परंतु ती पुरांत बुडालेली नाहीं ना, हें पाहावें. सुरक्षेचा पट्टा शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग शोधावे, गालिचा उचलून वास घ्यावा. विक्रेत्याचें कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना, तसेच २९ व ३० क्रमांकांचे नमुने सह्यांसह हातीं आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊं नये. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा, ज्या कचेरीच्या हद्दींत आपण राहतों तेथें नांव बदलून घ्यावें, आणि विमाहि आपल्या नांवावर करून घ्यावा.

सारांश, आधीं गरज, मग जागा, मग पैसा, आणि सर्वांत शेवटीं रंग, असा क्रम ठेवावा. या क्रमानें विचार करून एखाद्या कुटुंबानें मोटार न घेण्याचें ठरविलें, तरी त्या विचारांत गेलेला महिना फुकट गेला असें होत नाहीं. आणि ज्यांनीं घेण्याचें ठरविलें, त्यांच्या दारांत ती मोटार ओझें होऊन न राहतां सोय होऊन राहील.